खडीसाखरेच्या उलट: अतिनील संवेदकासाठी पेरोव्हस्काइटचा स्फटिक वाढवताना

खडीसाखर कशी होते हे आपल्याला घरातूनच ठाऊक असतं. गरम पाक करायचा, त्यात दोरा सोडायचा आणि पाक सावकाश निवू द्यायचा. शाळेत तुरटीचा स्फटिकही असाच केलेला असतो. मिथाइलअमोनियम लेड क्लोराइड नावाचा पेरोव्हस्काइट मात्र नेमका उलट वागतो. तो थंड द्रावणात विरघळून बसतो आणि द्रावण तापवलं की स्फटिक होऊन बाहेर येतो. प्रयोगशाळेत नव्याने आलेल्यांच्या निम्म्या चुका तुरटीची सवय हातात राहिल्यामुळे होतात. माझ्याही झाल्या.

हा लेख एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी किंवा पीएच.डी.च्या पहिल्या वर्षात हे काम हाती घेणाऱ्यांसाठी आहे. घरी, गच्चीवर किंवा स्वयंपाकघरात करून बघण्याचा हा प्रयोग नाही. यात शिसं आहे, आणि ते शिसं कातडीतून आत जाऊ शकेल अशा द्रावकात विरघळलेलं आहे. फ्यूम हूड, म्हणजे विषारी वाफा बाहेर ओढून नेणारं काचेचं कपाट, नसेल तर लेख वाचा आणि सोडून द्या.

आधी ओळख

पेरोव्हस्काइट हे मुळात एका खनिजाचं नाव. १८३९ साली गुस्ताव रोझ या जर्मन शास्त्रज्ञाने उरल पर्वतातून आलेल्या कॅल्शियम टायटनेटचं वर्णन केलं आणि लेव्ह पेरोव्हस्की या रशियन खनिजप्रेमी सरदाराचं नाव त्याला दिलं. पुढे तशीच रचना असलेल्या सगळ्याच पदार्थांना हे नाव चिकटलं. आपल्या पदार्थात शिशाच्या प्रत्येक अणूभोवती क्लोरीनचे सहा अणू असतात. त्यांचे अष्टफलक कोपऱ्याला कोपरा जोडून उभे राहतात आणि मधल्या पोकळीत मिथाइलअमोनियमचा आयन बसतो. या कुटुंबातली संयुगं १९७८ मध्ये डीटर वेबर यांनी जर्मनीत तयार केली होती, पण २००९ मध्ये जपानमध्ये त्यांच्यापासून सौर घट बनला तोवर त्यांच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. तापवून स्फटिक काढण्याची युक्ती २०१५ मध्ये सौदी अरेबियातल्या किंग अब्दुल्ला विद्यापीठातल्या ओस्मान बक्र यांच्या गटाने प्रसिद्ध केली. आधी क्लोरीनच्या जागी ब्रोमीन किंवा आयोडीन असलेल्या भावंडांसाठी, म्हणजे ब्रोमाइड आणि आयोडाइडसाठी, आणि त्याच वर्षी क्लोराइडसाठी. क्लोराइडच्या त्याच शोधनिबंधात त्यांनी त्या स्फटिकाचा अतिनील संवेदकही, म्हणजे अतिनील किरण पडले की ज्यातला विजेचा प्रवाह वाढतो असं साधनही, करून दाखवला.

क्लोराइडच का? आयोडाइडचा स्फटिक काळा, ब्रोमाइडचा नारिंगी आणि क्लोराइडचा काचेसारखा रंगहीन असतो. या रंगातच उत्तर आहे. रंगहीन म्हणजे दृश्य प्रकाश तो जवळपास सगळा आरपार जाऊ देतो आणि त्याच्या पलीकडचा अतिनील शोषतो. क्लोराइडची ऊर्जाफट, म्हणजे शोषलं जाण्यासाठी प्रकाशकणात किमान लागणारी ऊर्जा, साधारण २.९ इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे. तिच्यावरून नॅनोमीटरमध्ये तरंगलांबी काढायला १२४० ला २.९ ने भागा, ४२८ येतात. म्हणजे ४३० नॅनोमीटरच्या आसपास त्याची हद्द संपते. सिलिकॉनचा संवेदक उन्हात धरला तर तो निळा, हिरवा, लाल सगळंच मोजतो आणि अतिनील वेगळा काढायला वर गाळणी लावावी लागते. या स्फटिकात ती गाळणी अंगचीच असते.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण पुढची सगळी मेहनत कुठे घालायची ते तिच्यावर ठरतं. अतिनील किरण या स्फटिकात फार खोल जात नाहीत. पृष्ठभागापासून एक मायक्रॉनच्या आतच बहुतेक शोषले जातात. त्यामुळे स्फटिक चार मिलिमीटरचा आहे की बारा, याने संवेदकाला काडीचा फरक पडत नाही. त्याला दिसतो तो फक्त वरचा पापुद्रा. पट्टीशेजारी मोठ्ठा स्फटिक ठेवून काढलेले फोटो सगळ्यांनाच आवडतात, मलाही. पण मोजमापाला मी नेहमी छोटा, स्वच्छ, आरशासारख्या पाठीचा तुकडाच निवडतो.

सामान आणि सावधगिरी

मिथाइलअमोनियम क्लोराइड, लेड क्लोराइड, आणि दोन द्रावकं: डायमिथाइल सल्फॉक्साइड आणि डायमिथाइल फॉर्मामाइड. पुढे त्यांना डीएमएसओ आणि डीएमएफ म्हणू. झाकणाच्या काचेच्या वायल (छोट्या बाटल्या), चुंबकी हॉटप्लेट, सिलिकॉन तेलाचा बाथ, ०.२ मायक्रॉनचे पीटीएफईचे (टेफ्लॉनचे) सिरिंज फिल्टर, प्लास्टिकचा चिमटा, गाळणकागद, थर्मामीटर. फिल्टर घेताना वेष्टनावरचं साहित्य वाचा. सेल्युलोज अॅसिटेटचा फिल्टर या द्रावकांत विरघळतो आणि मग तुम्ही गाळत नसता, घाण मिसळत असता.

आता धोक्याचं. डीएमएसओ कातडीतून झपाट्याने आत शिरतो आणि सोबत विरघळलेलं जे असेल तेही घेऊन जातो. डीएमएफ यकृताला आणि गर्भाला घातक आहे. गरोदर असाल किंवा तशी शक्यता असेल तर गाइडना सरळ सांगून हे काम दुसऱ्याला द्या, त्यात संकोच नको. नेहमीचे पातळ नायट्राइल ग्लोव्ह्ज डीएमएफला काही मिनिटंच अडवतात. म्हणून दोन जोड्या एकावर एक घाला आणि थेंब उडाला की 'हे संपवतो, मग बदलतो' असं न करता वरची जोडी तिथल्या तिथे बदला. त्याच ग्लोव्ह्जने मोबाइल उचलायचा नाही, दाराची कडी धरायची नाही. लेड क्लोराइडची पावडर हलक्या हाताने काढा, पंख्याखाली तर मुळीच नको.

वजन आणि द्रावण

पाच मिलिलिटर द्रावणाचा हिशोब असा: दोन्ही क्षार एकास एक मोल या प्रमाणात, तीव्रता एक मोलर. म्हणजे दोन्ही ५ मिलिमोल. लेड क्लोराइडचा रेणुभार २७८.१, म्हणून १.३९ ग्रॅम. मिथाइलअमोनियम क्लोराइडचा ६७.५, म्हणून ०.३३८ ग्रॅम. द्रावक: २.५ मिलिलिटर डीएमएसओ आणि २.५ मिलिलिटर डीएमएफ.

लेड क्लोराइड निवांत मोजा, ते कुठे जात नाही. मिथाइलअमोनियम क्लोराइड मात्र हवेतली ओल मिठासारखी ओढतं. जुलै-ऑगस्टमध्ये कोकणपट्टीत काम करत असाल तर तराजूवरचा आकडा तुमच्या डोळ्यांदेखत वर सरकताना दिसेल. ती वाढ क्षाराची नसते, पाण्याची असते. बाटली डेसिकेटरमधून, म्हणजे ओल शोषणाऱ्या बंद भांड्यातून, काढा, मोजा, लगेच बंद करा. वजन नेमकं ०.३३८ व्हावं म्हणून दहा मिनिटं चमच्याने कण वर-खाली करत बसण्यापेक्षा ०.३४१ झालं तर ते वहीत लिहा आणि त्या हिशोबाने लेड क्लोराइड घ्या.

थंडीत पुण्या-नाशकात सकाळी लॅब उघडली की डीएमएसओची बाटली गोठलेली सापडते. घाबरू नका, तो १८.५ अंशांनाच गोठतो. कोमट पाण्यात बाटली उभी केली की पातळ होतो. डीएमएफ मिसळल्यावर ही अडचण राहत नाही.

दोन्ही क्षार वायलमध्ये घ्या, द्रावक ओता, झाकण लावा आणि खोलीच्या तापमानाला चुंबकी कांडीने ढवळत ठेवा. काही तास लागतात. मी संध्याकाळी लावून सकाळी बघतो. तळाशी पांढरं दिसतंय म्हणून हॉटप्लेटचं बटण फिरवायचा मोह होईल, कारण चहात साखर विरघळली नाही की आपण चहा तापवतो. इथे तापवलंत तर विद्राव्यता आणखी घटेल. गिझरच्या कॉइलवर क्षार चढतो ना, गरम बाजूलाच, काहीसं तसंच. कमी तापमानात द्रावकाचे रेणू शिशाला धरून ठेवतात. तापलं की ती पकड सुटते आणि मोकळं झालेलं शिसं आणि क्लोरीन स्फटिकाच्या रचनेत जाऊन बसतात. नागपूर-चंद्रपूरला मे महिन्यात खोलीच चाळीस अंशांवर असते. तिथे हे काम एसी असलेल्या खोलीतच करा.

द्रावण पाण्यासारखं नितळ दिसलं तरी गाळायचं. धुळीचा प्रत्येक कण म्हणजे स्फटिकाला टेकायची जागा. शंभर जागा मिळाल्या तर शंभर बारके स्फटिक होतात, एक चांगला होत नाही. ज्या वायलमध्ये गाळणार ती साबण, डिस्टिल्ड पाणी आणि शेवटी अॅसिटोन अशी धुऊन ओव्हनमध्ये कोरडी केलेली हवी. आतून ओरखडा असलेली वायल फेकून द्या.

तापवणं

हॉटप्लेटच्या पडद्यावरचा आकडा म्हणजे द्रावणाचं तापमान नव्हे. पडद्यावर ६० असताना वायलच्या आत ५० असू शकतं. म्हणून तेलाच्या बाथमध्ये शेजारी दुसरी वायल ठेवा, तिच्यात नुसता द्रावक आणि थर्मामीटर. तोच आकडा खरा. तेलाची पातळी द्रावणाच्या पातळीच्या वर असू द्या, नाहीतर वरच्या थंड काचेवर द्रावकाचे थेंब जमून खाली टपकत राहतात. झाकण घट्ट हवं. उघडं राहिलं तर द्रावक उडून स्फटिक येतील आणि तुम्हाला वाटेल तापमानामुळे आले.

४० अंशांपर्यंत जरा भरभर गेलं तरी चालतं. तिथून ५० पर्यंत मात्र तासाला एक-दोन अंश. ढवळणं बंद, कांडी बाहेर काढलेली. टेबल हलू द्यायचं नाही. शेजारी कुणी सेंट्रिफ्यूज लावत असेल तर त्याच्याशी आधीच बोलून ठेवा.

पन्नासच्या आसपास तळाला काहीतरी लुकलुकतं. टॉर्च तिरकी धरली तर बारीक चौकोनी ठिपका दिसतो, पाण्यात बुडालेल्या काचेच्या कणासारखा. इथे थांबा. तापमान तेवढंच ठेवा आणि त्याला वाढू द्या. काही तासांत चौकोनाच्या कडा डोळ्यांनी दिसायला लागतात.

आणि एकाऐवजी सगळीकडे पिठीसाखर पसरल्यासारखं झालं तर? तुरटीच्या प्रयोगात इथे रडायची वेळ आली असती. इथे नुसतं थंड करा, ढवळा, सगळं पुन्हा विरघळेल. परत गाळा आणि पुन्हा चढा, या वेळी आणखी हळू. या पदार्थाच्या उलट्या स्वभावाचा हा एक मोठा फायदा, आणि नवख्या माणसाला दिलासाही.

पहिल्या खेपेचे स्फटिक वापरायचे नसतात. त्यातला एखाद मिलिमीटरचा, कडा सरळ असलेला, आत ढग नसलेला निवडा. तो बी. ताजं गाळलेलं द्रावण आधी बी निघालं त्या तापमानाच्या जवळपास आणून ठेवा आणि मगच त्यात बी सोडा. थंड द्रावणात टाकलंत तर मिनिटा-दोन मिनिटांत ते झिजून नाहीसं होईल. मी माझं सगळ्यात देखणं बी असंच घालवलं आणि बराच वेळ ते वायलमध्ये शोधत बसलो होतो.

किती वाढेल याचा अंदाज असावा म्हणून एक हिशोब. पाच मिलिलिटरमध्ये सगळा पदार्थ मिळून सुमारे १.७३ ग्रॅम. स्फटिकाची घनता ३.१ च्या आसपास. चार बाय चार बाय दोन मिलिमीटरचा तुकडा भरतो जेमतेम ०.१ ग्रॅम. म्हणजे आपल्याला हवं त्याच्या कितीतरी पट माल वायलमध्ये आहे. तापमान वाढवून घाई करायचं काही कारणच नाही.

बाहेर काढणं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. स्फटिक झाला, दिवस संपला, हॉटप्लेट बंद करून मंडळी घरी जातात. सकाळी वायल थंड आणि स्फटिकाच्या कडा चघळलेल्या गोळीसारख्या गुळगुळीत. स्फटिक गरम द्रावणातूनच काढायचा असतो.

चिमटा आधी त्याच बाथच्या कडेला कोमट करून घ्या. स्फटिक कडेने उचला, वरच्या पाठीला स्पर्श नको. लगेच कोरड्या गाळणकागदावर ठेवा आणि कागदाच्या दुसऱ्या टोकाने द्रावण टिपून घ्या. पुसायचं नाही, टिपायचं. पाठीवर द्रावणाचा थेंब तसाच सुकला तर तिथे बारीक कणांची पांढरी कातडी धरते, आणि आपल्या संवेदकाचा सगळा कारभार त्या वरच्या मायक्रॉनमध्येच तर आहे. नंतर कोरड्या टोल्युइनमध्ये क्षणभर बुडवून काढलं तर उरलेलं द्रावक निघतं. पाणी अजिबात नको, अल्कोहोलही नको. दोन्हीही मिथाइलअमोनियम क्लोराइड ओढून घेतात आणि मागे लेड क्लोराइडचा पांढरा डाग राहतो. गरम स्फटिक थंडगार लोखंडी टेबलावर ठेवू नका, तडकतो. काचेच्या झाकणाखाली सावकाश निवू द्या.

तपासणीला फार काही लागत नाही. भिंगातून आत ढग किंवा भेगा दिसतात का ते बघा. सोय असेल तर एक बारका तुकडा कुटून क्ष-किरण विवर्तनाला द्या. तांब्याच्या नेहमीच्या स्रोताने १५.६, २२.१ आणि ३१.५ अंशांच्या आसपास ठळक शिखरं यायला हवीत. घनाकृती जाळीची बाजू सुमारे ५.६८ अँगस्ट्रॉम धरली की हे आकडे येतात, स्वतः करून बघा.

तारा जोडणं

अतिनील पृष्ठभागातच शोषला जातो, म्हणून दोन्ही इलेक्ट्रोड एकाच पाठीवर, मध्ये एखाद मिलिमीटरची मोकळी फट ठेवून. प्रकाश त्या फटीवर पडणार. सोन्याचं बाष्प चढवायची सोय असेल तर उत्तम. नसेल तर कार्बन पेस्टचे दोन ठिपके. चांदीची पेस्ट हाताशी असते म्हणून लावू नका. चांदी क्लोरीनशी संयोग पावते आणि काही दिवसांत जोड बिघडतो.

कार्बन पेस्टचीही एक गंमत आहे. मी पहिल्यांदा कपाटात सापडलेली पेस्ट लावली. ठिपके सुकले, आणि त्यांच्याभोवती पांढरी कड उमटली. डबीवर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की ती पाण्यात कालवलेली आहे. तेव्हापासून कुठलीही पेस्ट आधी फुटक्या तुकड्यावर लावून एक रात्र ठेवतो.

बारीक तांब्याची तार पेस्टमध्येच बसवा. सोल्डर नको, उष्णता सहन होत नाही. स्फटिक काचपट्टीवर थोड्याशा इपॉक्सीने चिकटवा आणि तारांना पट्टीवरच आधार द्या, म्हणजे तार ओढली गेली तर जोड निघणार नाही.

पहिलं मोजमाप

अंधारात या स्फटिकाचा रोध दहा-वीस नव्हे, शंभरेक मेगाओहमच्या घरात असू शकतो. साधा मल्टिमीटर ओहमच्या पट्टीवर ठेवलात तर तो काही दाखवणार नाही. सोर्समीटर, म्हणजे व्होल्ट देऊन अगदी बारीक प्रवाह मोजणारं यंत्र, असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर जुनी युक्ती: ९ व्होल्टची बॅटरी, स्फटिक आणि डीसी व्होल्टवर ठेवलेला डिजिटल मल्टिमीटर, तिन्ही एकामागे एक. बऱ्याच मल्टिमीटरचा अंतर्गत रोध १० मेगाओहम असतो, पुस्तिकेत खात्री करा. मग पडद्यावरचा १ मिलिव्होल्ट म्हणजे ०.१ नॅनोअँपिअर. स्फटिकाचा रोध १२० मेगाओहम असेल तर ९ भागिले १३०, म्हणजे सुमारे ६९ नॅनोअँपिअर आणि पडद्यावर ०.६९ व्होल्ट.

सगळं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बसवा आणि डबा बॅटरीच्या ऋण टोकाला जोडा. प्रकाशही अडतो आणि भिंतीतल्या विजेची गुणगुणही. झाकणाला भोक, भोकावर पुठ्ठ्याची सरकती झडप.

अंधारात दहा-पंधरा मिनिटं थांबा. या पदार्थात आयनही सरकतात, त्यामुळे आकडा सुरुवातीला वाहत राहतो. स्थिर झाला की ३६५ नॅनोमीटरची टॉर्च भोकावर धरा. अतिनीलपासून जपणारा चष्मा घातलेला हवा. ती टॉर्च फिकी जांभळी दिसते, पण डोळ्यांना खरा त्रास न दिसणाऱ्या भागाचा असतो. अर्धा मिनिट उजेड, अर्धा मिनिट अंधार, असं पाच वेळा. आकडा झटक्यात चढून झटक्यात उतरला तर तो खरा प्रकाशप्रवाह, म्हणजे प्रकाशामुळे वाहणारी वीज. मिनिटभर हळूहळू चढत राहिला आणि तितकाच हळू उतरला तर स्फटिक तापतोय किंवा आयन सरकताहेत. लगेच यश जाहीर करू नका.

मग पांढरी एलईडी लावा. तिचा निळा डोंगर ४५० च्या आसपास असतो, म्हणून प्रतिसाद नगण्य हवा. भरपूर आला तर पाठ खराब आहे असं समजा. शेवटी ४०५ ची जांभळी लेसर. तिला प्रतिसाद येणारच, कारण ४०५ हे ४३० च्या अलीकडे आहे. शोधनिबंधांत 'दृश्य प्रकाशाला आंधळा' असं म्हणतात, पण जांभळ्याच्या एका पट्ट्याला हा स्फटिक पाहू शकतो. अहवालात ते तसंच लिहा. परीक्षक विचारण्याआधी आपण सांगितलेलं बरं.

काम झाल्यावर स्फटिक सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये ठेवा. जेल निळं आहे की गुलाबी झालंय, हे पावसाळ्यात रोज बघा. उरलेलं द्रावण सिंकमध्ये ओतायचं नाही. 'शिसं, डीएमएफ, डीएमएसओ' अशी चिठ्ठी लावलेली वेगळी बाटली ठेवा. टिपलेले कागद, फिल्टर, फुटके तुकडे आणि ग्लोव्ह्ज शिशाच्या वेगळ्या पिशवीत. गाळून उरलेलं नितळ द्रावण मात्र लगेच टाकू नका. झाकण घट्ट लावून थंड जागी ठेवलं तर पुढच्या खेपेचं बी त्यातच वाढवता येतं.